प्रशिक्षण उड्डाणांतील वैमानिकाची चूक

प्रशिक्षण उड्डाणांतील वैमानिकाची चूक म्हणजे लहान विमानातून उड्डाणाचे शिक्षण चालू असताना शिकाऊ वैमानिकाकडून, त्याच्या शेजारी बसलेल्या प्रशिक्षकाकडून किंवा दोघांकडून घडलेली अशी कृती, हयगय अथवा निर्णय, की ज्यामुळे अपघात होतो किंवा अपघाताला हातभार लागतो. प्रवासी वाहतुकीत वैमानिकाची चूक हा अपवाद मानला जातो. प्रशिक्षणात मात्र शिकाऊ वैमानिक चुकणार हे गृहीतच धरलेले असते. दुहेरी नियंत्रणे, पुरेशी उंची, ठरवून दिलेले सरावक्षेत्र आणि प्रशिक्षकाची नजर ही सर्व व्यवस्था ती चूक वेळेत दुरुस्त व्हावी यासाठीच असते. त्यामुळे अशा अपघाताच्या तपासात शिकाऊ वैमानिकाचे काय चुकले यापेक्षा ती चूक दुरुस्त करण्यास उंची, वेग आणि वेळ का उरला नाही, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

महाराष्ट्रात बारामती, शिरपूर, गोंदिया आदी ठिकाणच्या धावपट्ट्यांवरून वैमानिक प्रशिक्षण चालते. अशा उड्डाणांचे काही गंभीर अपघात राज्यात आणि सीमेलगतच्या भागात झाले आहेत.

संज्ञा आणि तिच्या मर्यादा

'वैमानिकाची चूक' ही संज्ञा वृत्तपत्रांत सर्रास वापरली जाते. तपासाच्या परिभाषेत तिला तेवढे स्थान उरलेले नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची काही बॉम्बफेकी विमाने धावपट्टीवर उतरल्यावर वैमानिक फ्लॅपऐवजी चाकांचा खटका ओढत आणि विमान पोटावर बसे. मानसशास्त्रज्ञ आल्फोन्स चापानिस यांच्या लक्षात आले की हे दोन्ही खटके शेजारी आणि दिसायला सारखे होते. चाकांच्या खटक्याला चाकासारखी आणि फ्लॅपच्या खटक्याला फ्लॅपसारखी मूठ बसवण्याचा साधा उपाय त्यांनी सुचवला. पुढे १९४७ मध्ये पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स यांनी नियंत्रणे हाताळताना झालेल्या ४६० चुकांचे वर्गीकरण प्रसिद्ध केले. त्यांतील पुष्कळशा चुकांचे मूळ विमानकक्षाच्या रचनेत असल्याचे त्यांनी दाखवले.

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी १९९० मध्ये मांडलेली कल्पना यानंतर रूढ झाली. तिच्यानुसार अपघात हा सहसा एकाच चुकीतून घडत नाही. संस्थेची धोरणे, देखरेख, यंत्राची स्थिती आणि माणसाची कृती या प्रत्येक थरात भोके असतात आणि ती एका रेषेत आली की अपघात घडतो. प्रशिक्षण उड्डाणांना ही कल्पना विशेष लागू पडते, कारण तेथे सर्वांत आतला थर, म्हणजे शिकाऊ वैमानिकाचे कौशल्य, मुळातच अपुरा असतो.

शिक्षणाचा क्रम

भारतात शिकाऊ वैमानिकाचा परवाना वयाच्या १६ व्या वर्षापासून आणि व्यावसायिक वैमानिकाचा परवाना १८ व्या वर्षापासून मिळू शकतो. व्यावसायिक परवान्यासाठी किमान २०० तासांचे उड्डाण आवश्यक असते. त्यांपैकी १०० तास विमानाचा प्रमुख वैमानिक म्हणून पूर्ण करावे लागतात. दूरच्या मार्गावरील उड्डाणे, उपकरणांच्या आधारे उड्डाण आणि रात्रीचे उड्डाण यांसाठीही स्वतंत्र तास ठरलेले आहेत.

आरंभीचे धडे प्रशिक्षकासोबत होतात. पुढे प्रशिक्षकाच्या परवानगीने शिकाऊ वैमानिक एकट्याने पहिले उड्डाण करतो, त्याला 'सोलो' म्हणतात. सोलोचा दिवस सर्वांत धोक्याचा, असा समज असला तरी त्या दिवशी हवा शांत असलेली पाहिली जाते, फेरी धावपट्टीभोवतीच असते आणि प्रशिक्षक जमिनीवरून लक्ष ठेवून असतो. त्यानंतरच्या टप्प्यात धोका वेगळे रूप घेतो. हात सरावलेला असतो, आत्मविश्वास आलेला असतो, पण प्रतिकूल प्रसंग फारसे अनुभवलेले नसतात. अमेरिकी लेखक पॉल क्रेग यांनी २००१ च्या आपल्या पुस्तकात सुमारे ५० ते ३५० तासांच्या अनुभवाचा पट्टा घातक ठरवला होता. या सीमारेषांवर पुढे मतभेद झाले, तरी 'थोडे येऊ लागल्यावर' होणाऱ्या चुकांकडे या पुस्तकाने लक्ष वेधले.

चुकांचे स्वरूप

स्टॉल आणि स्पिन

पंखाचा हवेशी असलेला कोन एका मर्यादेपलीकडे गेला की पंखावरील प्रवाह तुटतो आणि उचल एकदम घटते. या स्थितीला स्टॉल म्हणतात. इंजिन बंद पडण्याशी तिचा संबंध नाही, हे वृत्तांकनात अनेकदा निसटते. स्टॉल होताना विमान एका बाजूला ओढले जात असेल, तर एक पंख दुसऱ्याहून अधिक खोल स्टॉलमध्ये जातो आणि विमान गिरक्या घेत खाली येते, यालाच स्पिन म्हणतात.

वळण घेताना पंखांवरील भार वाढतो आणि त्याबरोबर स्टॉलचा वेगही वाढतो. ३० अंशांच्या कलात ही वाढ सुमारे ७ टक्के, ४५ अंशांत १९ टक्के, तर ६० अंशांत ४१ टक्के असते. शिकाऊ वैमानिकाला हे आकडे पाठ असतात. तरीही उतरण्यापूर्वीच्या शेवटच्या वळणावर ठरावीक चूक पुन्हा पुन्हा घडते. मागून वारा असल्यामुळे विमान धावपट्टीच्या रेषेपलीकडे जाते. जमीन जवळ असल्याने अधिक कलण्याची भीती वाटते, म्हणून शिकाऊ वैमानिक कल न वाढवता पायाने रडर दाबून नाक धावपट्टीकडे ओढतो. त्यामुळे कल आपोआप वाढू लागतो, तो हाताने उलट दिशेने रोखला जातो आणि नाक खाली जाऊ नये म्हणून दांडाही मागे खेचला जातो. हात आणि पाय परस्परविरुद्ध काम करत असताना आतल्या बाजूचा पंख आधी स्टॉल होतो. या ठिकाणी उंची साधारण १५० मीटर असते. लहान प्रशिक्षण विमानाला स्पिनमधून सावरण्यास दोन-तीनशे मीटर तरी लागतात. म्हणजे सावरण्याची पद्धत अचूक येत असली तरी तेथे तिचा उपयोग होत नाही. म्हणूनच प्रशिक्षणाचा भर स्पिनमधून बाहेर पडण्यापेक्षा स्टॉल ओळखून टाळण्यावर आला. अमेरिकेने तर १९४९ मध्येच खासगी परवान्यासाठी स्पिनचा सराव सक्तीचा ठेवणे बंद केले.

उड्डाणानंतर लगेच इंजिन बंद पडल्यास धावपट्टीकडे माघारी वळण्याचा प्रयत्न हाही याच प्रकारात मोडतो. समोर दिसेल त्या शेतात उतरण्याची शिकवण असते, पण मागे राहिलेल्या डांबरी पट्टीचे आकर्षण प्रबळ ठरते.

उतरतानाच्या चुका

संख्येने सर्वाधिक आणि बहुधा प्राणघातक नसलेल्या चुका उतरताना होतात. विमान जरा वेगात किंवा जोराने टेकले की उसळी घेते. उसळी दिसताच शिकाऊ वैमानिक दांडा पुढे ढकलतो. विमान पुढच्या चाकावर आदळते आणि अधिक उंच उसळते. मग तो दांडा मागे घेतो. त्याची प्रत्येक प्रतिक्रिया विमानाच्या हालचालीपेक्षा किंचित उशिरा होत असल्याने प्रत्येक उसळी आधीच्या उसळीहून वाढत जाते. तिसऱ्या-चौथ्या आदळण्याला पुढच्या चाकाचा दांडा मोडतो किंवा प्रोपेलर जमिनीवर आपटतो. पहिल्या उसळीनंतरच पूर्ण शक्ती देऊन पुन्हा वर जाणे हा यावरचा मार्ग आहे.

मात्र हा मार्गही निर्धोक नाही. पूर्ण शक्ती दिल्याबरोबर एक-इंजिनी विमानाचे नाक सहसा वर आणि डावीकडे जाऊ पाहते. ते उजव्या पायाने व दांड्याने रोखावे लागते आणि फ्लॅप टप्प्याटप्प्याने मिटावे लागतात. घाईने सर्व फ्लॅप एकदम मिटल्यास विमान खाली बसते.

कमी उंचीवरील उड्डाण

नेमून दिलेल्या उंचीखाली उडणे ही कौशल्यातील चूक नसून शिस्तीचा भंग आहे. तपासणारे अशा कृतीला 'चूक' न म्हणता 'उल्लंघन' म्हणतात. कमी उंचीवर तारा हा मुख्य धोका असतो. तार दुरून दिसत नाही. खांब दिसला तर तारेचा अंदाज येतो, पण नदीच्या किंवा दरीच्या दोन काठांवरचे खांब झाडीत लपलेले असतात.

बनावट आणीबाणी

प्रशिक्षणातील काही अपघात आणीबाणीच्या सरावातूनच उद्भवतात. प्रशिक्षक थ्रॉटल मागे घेऊन इंजिन बंद पडल्याचा प्रसंग उभा करतो. सराव फार खाली लांबला, किंवा दमट हवेत कार्ब्युरेटरमध्ये बर्फ साचून इंजिनने वेळेवर शक्ती घेतली नाही, तर सरावाची खरीच आणीबाणी होते. दोन इंजिनांच्या विमानात एका इंजिनाची शक्ती काढून घेण्याचा सराव असतो. तेथे वेग किमान नियंत्रण वेगाखाली गेल्यास चालू इंजिनच विमानाला उलटे करते.

इंधनाचा चुकीचा अंदाज, दूरच्या मार्गावर दिशा हरवणे आणि ढगात शिरणे या चुका प्रामुख्याने नियोजनातून येतात.

प्रशिक्षकाची भूमिका

प्रशिक्षकाला दर फेरीत एक निवड करावी लागते. लवकर नियंत्रण हाती घेतले तर शिकाऊ वैमानिक स्वतः चूक ओळखून सुधारायला शिकत नाही, आणि उशीर झाला तर विमानच हातचे जाते. ही सीमा शिकाऊ वैमानिकागणिक आणि दिवसागणिक बदलते. बऱ्यापैकी प्रगती केलेला विद्यार्थी अचानक अनपेक्षित कृती करतो तेव्हा प्रशिक्षक सर्वांत असावध असतो, कारण नवख्या विद्यार्थ्याबरोबर त्याचे हात नियंत्रणांजवळच असतात.

नियंत्रण नेमके कोणाकडे आहे, याबद्दलचा गोंधळ हे दुसरे कारण आहे. दोघांनाही वाटते की विमान समोरचा चालवत आहे, किंवा दोघेही एकाच वेळी परस्परविरुद्ध जोर लावतात. यासाठी 'आय हॅव कंट्रोल' आणि 'यू हॅव कंट्रोल' ही ठरावीक वाक्ये मोठ्याने उच्चारून देवाणघेवाण करण्याची पद्धत जगभर पाळली जाते. घाबरलेला विद्यार्थी दांडा घट्ट धरून ठेवतो, अशा प्रसंगी प्रशिक्षकाची शारीरिक ताकदही अपुरी पडू शकते.

भारतात नव्याने व्यावसायिक परवाना मिळवलेले अनेक वैमानिक विमान कंपनीत नोकरी मिळेपर्यंत सहायक प्रशिक्षक म्हणून काम करतात. त्यामुळे शिकवणारा आणि शिकणारा यांच्या वयात आणि अनुभवात अंतर थोडे असण्याची शक्यता राहते. तासागणिक मोजला जाणारा लाखो रुपयांचा खर्च, विमानांची उपलब्धता आणि पावसाळ्यात वाया जाणारे दिवस यांमुळे मिळालेला तास सोडू नये असा दबाव दोघांवरही असतो. हा दबाव तपास अहवालाच्या 'कारण' या रकान्यात क्वचितच उतरतो.

महाराष्ट्रातील परिस्थिती

राज्यातील वैमानिक प्रशिक्षणाची सुरुवात १९२८ मध्ये जुहू येथे बॉम्बे फ्लाइंग क्लबने झाली. जे. आर. डी. टाटा यांनी १० फेब्रुवारी १९२९ रोजी मिळवलेला परवाना हा भारतात दिला गेलेला पहिला परवाना मानला जातो. पुढे मुंबईच्या आकाशातील वर्दळ वाढत गेली, तसे प्रशिक्षण जिल्ह्यांच्या ठिकाणच्या लहान धावपट्ट्यांकडे सरकले. धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) येथील धावपट्टी ही अशाच लहान धावपट्ट्यांपैकी आहे. २००९ मध्ये राज्य शासनाने नांदेड, लातूर, बारामती आणि यवतमाळ यांच्यासह ती रिलायन्स समूहाच्या कंपनीला दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिली होती.

वर्दळ नसणे हा अशा धावपट्ट्यांचा गुण आहे. मात्र जेथे पूर्णवेळ हवाई वाहतूक नियंत्रण नसते, तेथे वैमानिकांना रेडिओवरून स्वतःचे स्थान सांगत आणि इतरांचे ऐकत एकमेकांपासून अंतर राखावे लागते. ही जबाबदारी शिकाऊ वैमानिकावर लवकर येते.

धाराशिव शहर बालाघाट डोंगररांगेच्या पठारावर समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंचीवर आहे. एप्रिल-मे महिन्यांत तापमान ४० अंश सेल्सियसवर गेले की हवा विरळ होते आणि तेथील घनता-उंची, म्हणजे विमानाला 'जाणवणारी' उंची, साधारण १,७०० मीटर होते. साध्या पिस्टन इंजिनाची शक्ती घटते, धाव लांबते आणि चढण्याचा दर कमी होतो. याशिवाय एक फसवा परिणाम होतो. वेगदर्शकावर नेहमीचाच आकडा असताना विमानाचा प्रत्यक्ष वेग सुमारे ९ टक्के जास्त असतो. जमीन भरभर मागे जाताना पाहून शिकाऊ वैमानिक वेग कमी करू लागतो आणि नकळत स्टॉलच्या जवळ जातो. यावर डोळ्यांपेक्षा वेगदर्शकावर विश्वास ठेवणे एवढाच इलाज आहे.

मराठवाड्यात आणि लगतच्या सोलापूर-पुणे पट्ट्यात सक्तीने शेतात उतरण्याची वेळ आली, तर जागेची निवड ऋतूनुसार बदलते. उन्हाळ्यात नांगरलेली काळी जमीन वरून सपाट दिसली तरी ढेकळांची असते. पावसाळ्यात तीच चिखलाची होऊन चाके रुतवते आणि विमान नाकावर उलटते. उभा ऊस वरून हिरवळीसारखा दिसतो, पण तो माणसाहून उंच असतो. धाराशिव जिल्ह्यातील पठारांवर उभ्या राहिलेल्या पवनचक्क्या आणि त्यांच्या वीजवाहिन्या यांची यात भर पडली आहे.

उल्लेखनीय अपघात

२६ एप्रिल २०१७ रोजी गोंदियाजवळील बिरसी धावपट्टीवरून निघालेले प्रशिक्षण विमान महाराष्ट्र-मध्य प्रदेश सीमेवर वैनगंगा नदीच्या पात्रावर ताणलेल्या तारेला धडकून कोसळले. तार जलमापनाच्या व्यवस्थेची होती. प्रशिक्षक आणि शिकाऊ वैमानिक दोघेही मरण पावले.

१६ जुलै २०२१ रोजी शिरपूर येथील संस्थेचे टेकनाम विमान जळगाव जिल्ह्यातील चोपडा तालुक्यात वर्डी गावाजवळ सातपुड्याच्या डोंगरात कोसळले. प्रशिक्षकाचा मृत्यू झाला आणि शिकाऊ वैमानिक गंभीर जखमी झाली. रस्ता नसलेल्या त्या भागातून आदिवासी ग्रामस्थांनी कापडाची झोळी करून तिला खाली आणले.

२५ जुलै २०२२ रोजी बारामतीहून निघालेले सेस्ना १५२ जातीचे विमान पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात कडबनवाडी येथे शेतात कोसळले. विमानात एकटी असलेली शिकाऊ वैमानिक बचावली.

१८ मार्च २०२३ रोजी बिरसी येथून उडालेले विमान मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्याच्या डोंगराळ जंगलात कोसळून प्रशिक्षक आणि शिकाऊ वैमानिक यांचा मृत्यू झाला. (हा बालाघाट जिल्हा आणि धाराशिव-बीडमधून जाणारी बालाघाट डोंगररांग यांचा परस्परांशी संबंध नाही. नामसाम्यामुळे गल्लत होण्याचा संभव आहे.)

ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामती परिसरात १९ आणि २२ तारखेला एकाच संस्थेची दोन विमाने कोसळली. दोन्ही अपघातांत जीवितहानी झाली नाही. त्यानंतर नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाने (डीजीसीए) त्या संस्थेचे प्रशिक्षण स्थगित केले आणि तिच्या विमानांच्या देखभालीकडे लक्ष वळवले. विमान प्रशिक्षणाचे असले की पहिला संशय शिकाऊ वैमानिकावर जातो. या प्रकरणात नियामकाने हँगरपासून सुरुवात केली, म्हणून ते या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

तपासाची पद्धत

भारतात विमान अपघातांच्या स्वतंत्र तपासासाठी २०१२ मध्ये विमान अपघात तपास विभाग (एएआयबी) स्थापन झाला. सध्याची कार्यपद्धती २०१७ च्या नियमांवर आधारलेली आहे. १९३४ च्या विमान कायद्याची जागा घेणारा भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ हा १ जानेवारी २०२५ पासून अंमलात आला. शिकागो कराराच्या १३ व्या परिशिष्टानुसार तपासाचा उद्देश भविष्यातील अपघात टाळणे हा आहे. दोष किंवा दायित्व ठरवणे हा त्याचा उद्देश नाही. अहवालाच्या आरंभीच तसे नमूद केलेले असते.

लहान विमानांच्या तपासात काही अडचणी असतात. दोन-चार आसनी जुन्या विमानांत प्रवासी विमानांसारखे उड्डाण-नोंदक आणि ध्वनिमुद्रक सहसा नसतात. त्यामुळे प्रोपेलरच्या पात्यांचा वाक, थ्रॉटलची स्थिती, फ्लॅपचा कोन, टाकीतील उरलेले इंधन, जमिनीवरील आदळण्याच्या खुणा आणि प्रत्यक्षदर्शींची निवेदने यांवर निष्कर्ष उभारावा लागतो. पाती पुढे वळलेली किंवा पिळलेली असतील तर आदळताना इंजिन शक्ती देत होते, असे अनुमान निघते. आतील दोघेही मरण पावले असल्यास अखेरच्या क्षणी नियंत्रण कोणाच्या हाती होते हे बहुधा ठरवता येत नाही. अशा वेळी 'वैमानिकाची चूक' हा निष्कर्ष इतर शक्यता वगळून काढलेला असतो. नव्या प्रशिक्षण विमानांतील डिजिटल फलक वेग, उंची आणि इंजिनाच्या नोंदी साठवतात. तेवढ्यापुरते तपासाचे काम सुकर झाले आहे. त्याच नोंदींचा वापर करून अपघात न झालेल्या उड्डाणांतीलही उशिरा घेतलेली वळणे, अस्थिर उतरणी आणि राहून गेलेल्या माघारी चढाया प्रशिक्षकाला फेरी संपल्यावर विद्यार्थ्याला दाखवता येतात.